मिडी प्रोसेसरमधील दोषाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहकसेवा विभाग प्रमुख

विषय: स्केल बदलताना अडकून राहणारे आणि न वाजवताच उमटणारे स्वर

महोदय,

आपल्या कंपनीचा मिडी प्रोसेसर (इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांना पाठवतात ते मिडी संदेश वाटेत बदलणारे किंवा गाळणारे यंत्र) मी पाच महिन्यांपूर्वी विकत घेतला. मी वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवतो. रंगमंचावर लॅपटॉप नको, म्हणून कीबोर्ड आणि प्रत्यक्ष आवाज काढणारे साउंड मॉड्यूल यांच्यामध्ये हे यंत्र बसवून त्याच्याकडून दोनच कामे करून घ्यायची होती: पायाच्या स्विचने स्केल बदलणे आणि मॉड्यूलला नको असलेला आफ्टरटच, म्हणजे दाबून धरलेल्या पट्टीवरील दाबाचा संदेश, गाळणे. ही दोन्ही कामे वाजवता वाजवता होतील, असे खोक्यावर छापले आहे. प्रत्यक्षात ती तशी होत नाहीत.

पहिला दोष गणेशोत्सवातील कार्यक्रमात उघड झाला. काळी एकमधील गाणे संपत असताना शेवटचा षड्ज मी दाबून धरला होता आणि निवेदकाने पुढचे गाणे जाहीर करताच गायिकेच्या काळी चारसाठी पायाने स्केल बदलले. मिडीत प्रत्येक स्वराला क्रमांक असतो; वाजताना ६० क्रमांकाची पट्टी काळी एकच्या हिशेबाने ६१ होऊन गेली होती. बोट उचलल्यावर मात्र आपल्या यंत्राने नव्या हिशेबाने ५६ बंद करण्याचा संदेश पाठवला आणि ६१ तसाच वाजत राहिला. काळी चारला तो नेमका मध्यम होतो, त्यामुळे सुरुवातीला काही श्रोत्यांना आम्ही मध्यमाचा तानपुरा लावल्यासारखे वाटले असेल. गायिकेला तसे वाटले नाही. दाबलेली प्रत्येक पट्टी कोणत्या क्रमांकाने पुढे पाठवली, याची नोंद यंत्राने ठेवली असती तर हे घडले नसते. सोळा चॅनेल आणि प्रत्येकी १२८ स्वर धरले, तरी त्या नोंदीला २,०४८ बाइट पुरतात.

दुसरा दोष शोधायला वेळ लागला, कारण त्यात मी न दाबलेले खर्जातले स्वर अधूनमधून उमटत. आफ्टरटचची गाळणी बंद केली की ते थांबत. शेवटी एका छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर ऑप्टोकपलर (प्रकाशाद्वारे संकेत पुढे देणारा सुटा भाग) जोडून मी यंत्राच्या दोन्ही बाजूंचे बाइट टिपले. कीबोर्डकडून १४४, ६०, ९० (म्हणजे ‘६० क्रमांकाचा स्वर ९० जोराने वाजव’) आणि त्यामागोमाग २०८, ४५, ४७, ५१ आले होते. यातला २०८ हा आफ्टरटचचा स्टेटस बाइट, म्हणजे संदेशाचा प्रकार सांगणारा आकडा, असून तो पुन्हा न पाठवता पुढील दाबमूल्ये पाठवण्याच्या पद्धतीला रनिंग स्टेटस म्हणतात. आपल्या यंत्राने २०८ आणि ४५ गाळले, पण ४७ आणि ५१ पुढे जाऊ दिले. मॉड्यूलच्या लेखी आधीचा १४४ अजून चालू असल्यामुळे त्याने त्यांचा अर्थ ‘४७ क्रमांकाचा स्वर ५१ जोराने वाजव’ असा घेतला, आणि तो बंद करणारा संदेश येण्याचा प्रश्नच नव्हता.

यावर आपल्या प्रतिनिधीने आधी केबल बदलायला सांगितले (तीन बदलल्या) आणि नंतर माझा कीबोर्ड जुना असून रनिंग स्टेटस प्रमाणित नाही, असे कळवले. हे उत्तर मला मान्य नाही. १९८३ मध्ये मिडी आले तेव्हापासून ही पद्धत त्याच्या नियमांत आहे आणि तिला कारणही आहे. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका बाइटला दहा बिट, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद लागतात. चार स्वरांचा कॉर्ड बारा बाइटऐवजी नऊ बाइटांत गेला, तर जवळपास एक मिलिसेकंद वाचतो. संदेश गाळणाऱ्या यंत्राने चालू स्टेटस लक्षात ठेवणे हे त्याचे मूळ कामच आहे. अडकलेले स्वर पॅनिक बटणाने बंद करावेत, ही सूचनाही निरुपयोगी आहे, कारण त्या बटणाने चालू गाण्याचे स्वरही तुटतात.

यंत्राची बांधणी उत्तम आहे आणि त्याच्यामुळे होणारा विलंब वाजवताना जाणवत नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो; दोष केवळ फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रातल्या आज्ञावलीत, आहे, म्हणूनच तो दुरुस्त होण्याजोगा आहे. तरी पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत दोन्ही दोष दूर करणारे फर्मवेअर द्यावे, अन्यथा यंत्र आपल्या खर्चाने परत नेऊन पूर्ण रक्कम परत करावी. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये मी राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

खरेदीच्या पावतीची प्रत आणि टिपलेल्या बाइटांची नोंद सोबत जोडली आहे.

कळावे,
आपला ग्राहक