बॅलन्स दाखवायला का सांगितले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या कॉलेज रोड परिसरातील एका बर्गरच्या दुकानात मागच्या महिन्यात मला जी वागणूक मिळाली, ती छापून यावी म्हणून हे पत्र.

मी वायरमन आहे. मुलगी दहावी पास झाली, तिला तिथलेच खायचे होते. गंगापूर रोडच्या साइटवरून मी थेट पोहोचलो, त्यामुळे अंगावर कामाचेच कपडे होते. बिल झाले ७३८ रुपये. क्यूआर कोड स्कॅन केला, पिन टाकला. बँकेचा पैसे कापल्याचा मेसेज लगेच आला, पण मोबाइलवर 'प्रोसेसिंग' फिरत राहिले आणि दुकानाच्या मशीनवर पैसे आल्याचे दिसेना.

काउंटरवरची मुलगी चांगली होती, "काका, दोन मिनिटं थांबा" म्हणाली. मॅनेजर आले आणि सूर बदलला. "मोबाइल इकडे द्या." मी दिला. ते माझे जुने व्यवहार वर-खाली सरकवून बघू लागले. किराणा, मुलीच्या क्लासची फी, गावी आईला पाठवलेले पैसे, सगळे. मग म्हणाले, "बॅलन्स दाखवा." रांगेतले लोक बघत होते. मी पिन टाकून बॅलन्स दाखवला. महिनाअखेर होती, खात्यात किती असणार? आकडा बघून ते म्हणाले, "असे खोटे स्क्रीनशॉट दाखवणारे रोज येतात." मी स्क्रीनशॉट दाखवलाच नव्हता. बँकेचा मेसेज दाखवला होता, त्यात व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक होता. तो कुणी वाचलासुद्धा नाही.

त्याच वेळी शेजारच्या काउंटरवर लॅपटॉपची बॅग घेतलेल्या एका तरुणाचेही पैसे तसेच अडकले होते. त्याला हेच मॅनेजर म्हणाले, "सर, तुम्ही बसा, सर्व्हर स्लो आहे." त्याचा ट्रे टेबलावर गेला. मुलगी माझी बाही ओढत म्हणाली, "पप्पा, चला, मला नको." मी रोख पैसे पुन्हा भरले आणि पार्सल घेऊन निघालो.

खोटे पेमेंट दाखवणारी ॲप आहेत आणि त्यातून दुकानदार फसतात, हे मला माहीत आहे. माझे स्वतःचे पैसेही लोकांनी बुडवले आहेत. दुकानाने खात्री करावी, जरूर करावी, पण ती आपल्या मशीनवर, व्यवहाराच्या क्रमांकावरून करावी. माणसाच्या कपड्यांवरून नाही. बॅलन्स बघून पैसे गेले की नाही हे कळतही नाही, आधी किती होते हे ठाऊक असल्याशिवाय. मग बॅलन्स मागितला कशासाठी? ऐपत तपासायला?

खात्यातून पैसे कापले गेले आणि दुकानाला मिळाले नाहीत, असे यूपीआयमध्ये होते. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०१९ चे परिपत्रकच आहे. दुकानातल्या अशा व्यवहाराचे पैसे पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, तीही ग्राहकाने न मागता. म्हणजे पैसे अडकणे हा ओळखीचा बिघाड आहे, लबाडीची खूण नाही. माझे पैसे तिसऱ्या दिवशी परत आले. तो मेसेज घेऊन मी पुन्हा दुकानात गेलो. मॅनेजर म्हणाले, "आले ना पैसे? मग आता काय?"

माझी मागणी मोठी नाही. पैसे अडकले तर काय करायचे, याचा एकच नियम काउंटरवर मराठीत लावावा आणि तो लॅपटॉपवाल्याला व मला सारखाच लागू करावा. व्यवहाराचा क्रमांक आणि ग्राहकाचा मोबाइल नंबर लिहून घ्यावा, तशी चिठ्ठी द्यावी. पदार्थ द्यायचा नसेल तर सरळ तसे सांगावे, ते चालेल. पण ग्राहकाचा मोबाइल हातात घेऊ नये, बॅलन्स मागू नये. काउंटरवरच्या मुलांना हे शिकवावे, आणि त्यांच्या आधी मॅनेजरना. ज्यांच्यावर अशी वेळ आली असेल त्यांनी गप्प बसू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे मराठीतही तक्रार करता येते. मी केली आहे.

कंपनीच्या ग्राहक विभागालाही लिहिले होते. उत्तरादाखल पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन आले. सवलत मी मागितलेली नाही. माझ्या मुलीसमोर माझा बॅलन्स कोणत्या नियमाने तपासला, याचे लेखी उत्तर मला हवे आहे, आणि ते अजून आलेले नाही.

आपला,
एक वायरमन, सातपूर, नाशिक