वाढलेला आकडा आणि न प्यायलेला फॉर्म्युला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन काही जन्मजात चयापचय विकार वेळेत ओळखता येतात, याबद्दल अधूनमधून छापून येतं. यायलाच हवं. पण असं वाचलेलं बाळ पुढे वयात येतं तेव्हा घरात काय चालतं, यावर फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र.

माझ्या मुलीला फेनिलकीटोन्युरिया, म्हणजे पीकेयू आहे. प्रथिनांमधलं फेनिलॅलॅनिन हे अमिनो आम्ल तिच्या यकृताला नीट हाताळता येत नाही. ते रक्तात साठलं की मेंदूला इजा होते. त्यामुळे खाण्यातलं प्रथिन मोजून द्यायचं आणि उरलेली गरज फॉर्म्युल्यातून, म्हणजे फेनिलॅलॅनिन नसलेल्या खास प्रथिन-पेयातून भागवायची. तेरा वर्षं हे बिनबोभाट चाललं. वजनकाटा माझा, वही माझी, बाटली भरणारीही मीच.

चौदाव्या वर्षी रक्तातल्या फेनिलॅलॅनिनचे आकडे चढायला लागले. मी आधी काय केलं, तर तिचं दप्तर तपासलं. आज सांगताना लाज वाटते. काही सापडलं नाही, तरी 'खरं सांग, काय खाल्लंस?' हे आठवडाभर चाललं. शेवटी आहारतज्ज्ञांनी प्रश्नच उलटा विचारला: काय प्यायली नाहीस? तेव्हा कळलं, दुपारचा फॉर्म्युला महिनाभर शाळेच्या बेसिनमध्ये जात होता. झाकण उघडलं की वास सुटतो आणि शेजारची मुलगी नाक मुरडते, एवढंच कारण. (त्या वासाची सवय मलाही अजून झालेली नाही, तिला काय बोलणार!) फॉर्म्युला बुडाला की शरीर स्वतःच्याच स्नायूंमधलं प्रथिन मोडायला घेतं आणि त्यातलं फेनिलॅलॅनिन रक्तात उतरतं. एक घास जास्त न खाता आकडा चढतो तो असा.

दुसरं कारण तर तिच्या हातातलंच नव्हतं. उंची भराभर वाढत असते तेव्हा प्रथिन शरीर घडवण्यात खर्ची पडतं. वाढ मंदावली की तोच वाटा जास्तीचा होतो. आमच्या दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. शेवटच्या दोन जवळजवळ एकमेकींवर आल्या आहेत. हे रोज दिसत होतं, पण हिशोब मी जुनाच चालवत होते.

इतर विकारांतही या वयाचे आपले डाव असतात. युरिया सायकलच्या विकारात प्रथिनं मोडताना तयार होणारा विषारी अमोनिया शरीराला नीट बाहेर टाकता येत नाही; काही मुलींचा हा अमोनिया पाळीच्या सुमारास वाढतो. त्या वेळची उलटी, गुंगी, विचित्र वागणं 'वयाचा परिणाम' म्हणून सोडून दिलं तर जिवावर बेतू शकतं. गॅलॅक्टोसेमियात, म्हणजे दुधातल्या साखरेतलं गॅलॅक्टोज शरीराला हाताळता येत नाही त्या विकारात, दूध कटाक्षाने टाळूनही बहुतेक मुलींच्या अंडाशयांचं काम लवकर थांबतं. काहींना वयात येण्यासाठीच हॉर्मोन द्यावे लागतात. हे त्या मुलीला कुणी, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचं?

पीकेयूमध्ये एकेकाळी डॉक्टरच शाळकरी वयात पथ्य सोडू देत. आता ते जन्मभराचं मानतात. २०१७ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांमध्ये बारा वर्षांपर्यंत फेनिलॅलॅनिन १२० ते ३६० मायक्रोमोल प्रति लिटर आणि त्यानंतर ६०० पर्यंत चालेल असं म्हटलं आहे. मुलांना वाटतं, मर्यादा वाढली म्हणजे मोकळीक मिळाली. पण गर्भारपणात, खरं तर दिवस जाण्याच्या आधीपासूनच, पुन्हा ३६० च्या आत यावं लागतं. नाहीतर बाळाला स्वतःला पीकेयू नसतानाही त्याचं डोकं लहान राहू शकतं, हृदयात दोष राहू शकतो. ही गोष्ट आम्हाला सांगितली गेली तेव्हा डॉक्टर बोलत होते माझ्याकडे बघून. जिच्याबद्दल बोलणं चाललं होतं ती शेजारच्या खुर्चीत नखं कुरतडत होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की बाराव्या वर्षापासून प्रत्येक भेटीतला काही वेळ डॉक्टरांनी एकट्या मुलाशी किंवा मुलीशी बोलावं. आकडा वाढला की आरोप करण्याआधी वाढ, पाळी, ताप, राहिलेला फॉर्म्युला हे सगळं विचारावं. आणि मुलांच्या विभागातली फाइल बंद होण्याआधी मोठ्यांच्या विभागातल्या डॉक्टरांची एकदा तरी समोरासमोर ओळख व्हावी. अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून फेनिलॅलॅनिन हाताळणारं यकृतातलं एन्झाइम काही कामाला लागत नाही.

आता ती बोट स्वतः टोचते, तपासणीच्या कार्डावरचे गोल रक्ताच्या थेंबांनी स्वतः भरते. दुपारची बाटली शाळेतल्या एका मैत्रिणीसमोर उघडते, बाकीच्यांसमोर नाही. मागच्या भेटीत तिने मला बाहेर थांबायला सांगितलं. वीस मिनिटांनी बाहेर आली. आत काय बोलणं झालं, ते मी विचारलेलं नाही.

आपली,
एक वाचक