विमा कर्जाएवढा नको, मालाएवढा हवा

महोदय,

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांवर गेली की धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतली दुकाने मालासकट बुडाली. तरीही दुकानातल्या मालाचा विमा किती रकमेचा, असे विचारले की "ते बँक बघते" हेच उत्तर येते.

बँक बघते ती आपल्या कर्जापुरते. माल ४० लाखांचा, २५ टक्के मार्जिन (दुकानदाराचा स्वतःचा वाटा) सोडून कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचे खेळते कर्ज, ३० लाखांचे, म्हणून विमाही ३० लाखांचा. पुरात खालच्या फळ्यांवरचा १२ लाखांचा माल भिजला, तर हाती १२ नव्हे, ९ लाख येतात. त्यातूनही पॉलिसीतली ठरलेली वजावट जाते. चाळिसापैकी तिसाचाच हप्ता भरला, म्हणून नुकसानीचेही तीन चतुर्थांशच मिळतात. विम्याच्या भाषेत याला ॲव्हरेज म्हणतात. १ एप्रिल २०२१ पासून लहान व्यवसायांसाठी आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत विम्याच्या रकमेतली १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, पण इथे ती २५ टक्के आहे.

खरी मेख तारखांत आहे. हिशेब धरतात तो नुकसानीच्या दिवशी असलेल्या मालाचा. कर्जाची आणि म्हणून विम्याची रक्कम मात्र बहुधा मार्चअखेरीच्या स्टॉकवरून ठरते. गणपती-दिवाळीची खरेदी जुलै-ऑगस्टमध्ये येऊन पडते आणि पूरही तेव्हाच येतो! त्यामुळे जूनमध्येच फरकाचा हप्ता भरून रक्कम वाढवून घ्यावी. चालू पॉलिसीत तशी दुरुस्ती करता येते. भाड्याच्या दुसऱ्या गोदामाचा पत्ताही त्याच वेळी नोंदवावा. बँकांनीही लिमिटच्या (कर्जमर्यादेच्या) नूतनीकरणात फक्त कर्जाचा आकडा न धरता वर्षातला सर्वांत मोठा स्टॉक विचारावा.

लिमिट वाढावे म्हणून बँकेला द्यायचे स्टॉक स्टेटमेंट (मालाचे विवरण) फुगवणाऱ्यांना कळकळीने सांगावेसे वाटते, नुकसान मोजायला येणारा सर्व्हेअर तेच स्टेटमेंट खरेदीची बिले आणि जीएसटी रिटर्नशी ताडून पाहतो. आकडे जुळले नाहीत की खऱ्या नुकसानीचा क्लेमही अडकतो.

आणि पाणी ओसरल्यावर भिजलेला माल लगेच रस्त्यावर टाकू नका. भिंतीवरची पाण्याची रेघ, गठ्ठ्यांवरचे लॉट नंबर यांचे फोटो काढा, सुका माल वेगळा करा आणि सर्व्हेअर मोजून जाईपर्यंत ओला माल तसाच ठेवा.

– एक विमा सर्वेक्षक, कोल्हापूर