विषय : ‘घोरण्याच्या मशीनला एवढी काय घाई?’

सेवा विभागप्रमुख,

सीपॅप मशीन कशासाठी असतं हे मी तुम्हाला सांगायला नको, तुम्हीच ते विकता. पण आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनवर बोलल्यापासून मला ते सांगावंसं वाटतंय : ते झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवतं, श्वास अडू देत नाही.

माझ्या यजमानांचं मशीन वॉरंटीत असताना बिघडलं, त्याला आज 23 दिवस झाले. रात्री दोन-अडीचला मोटर घरघरते आणि हवा थांबते. स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेच्या तपासणीत, त्यांचा श्वास तासाला 42 वेळा अडत होता. मशीन लावल्यावर तो आकडा 3-4 वर आला होता. फेब्रुवारीत त्यांना एट्रियल फिब्रिलेशन झालं, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित झाले; शॉक देऊन हृदयाचा ताल जागेवर आणावा लागला. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं, मशीन एक रात्रही चुकवायचं नाही. घसा मिटला की ऑक्सिजन उतरतो, आणि मिटल्या घशातून श्वास ओढताना हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. मेयो क्लिनिकच्या 2003 सालच्या अभ्यासात, शॉकनंतर वर्षभरात, झोपेत श्वास अडण्यावर योग्य उपचार नसलेल्यांपैकी 82 टक्के रुग्णांचा ताल पुन्हा बिघडला, उपचार घेणाऱ्यांपैकी 42 टक्के. अभ्यास छोटा होता, पण ते आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत.

हे सगळं मी तुमच्या हेल्पलाइनवरच्या मुलाला सांगितलं. आधी त्याने तक्रार क्रमांक तीनदा विचारला. मग दहा मिनिटं संगीत ऐकवलं. मग, ‘पार्ट यायचाय.’ मी म्हटलं, तोवर बदली मशीन द्या. ‘तशी पॉलिसी नाही.’ मी पुन्हा हृदयाचं सांगितलं. त्यावर तो म्हणाला, ‘काकू, घोरण्याच्या मशीनला एवढी काय घाई? काकांना कुशीवर झोपवा.’ मागे कुणीतरी हसलं. मी ते ऐकलं.

कुशीवर झोपवा! 23 रात्री मी उशाशी बसून आहे. घोरणं थांबलं की माझा जीव खाली-वर होतो. मी आकडे मोजते आणि त्यांचा खांदा हलवते. घोरण्याची मला भीती नाही, त्यानंतरच्या शांततेची आहे.

माझ्या सांगण्यावरून धाकट्या दिरांनीही तुमचंच मशीन घेतलं. त्याची आज मला लाज वाटते.

मंगळवारपर्यंत बदली मशीन घरी आलं नाही तर बुधवारी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करणार आहे. परवा पहाटे त्यांची नाडी पुन्हा वेडीवाकडी लागली. ईसीजी सोबत जोडला आहे.