खालच्या मजल्यावरच्या काकूंना

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणत चहा टाकायला उठता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. आपल्या मध्य न्यू जर्सीत दर उन्हाळ्यात नवी मराठी कुटुंबं येतात. आमच्यासारखीच धास्तावलेली असतात. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत, ते त्यांनाही कळू दे.

नाशिकहून निघताना जो तो सांगत होता, "तिकडे सरकारी शाळा फुकट असते, काळजी करू नका." शाळेत प्रवेश कसा घ्यायचा, ते मात्र कुणालाच सांगता येईना. इथे आल्यावर कुणीतरी मनात भरवलं, व्हिसावरच्या मुलांना फी पडते. रात्रभर आम्ही दोघं हिशेब मांडत बसलो होतो. सकाळी तुम्ही एका वाक्यात मोकळं केलंत: ती अट मूल स्वतः एफ-वन व्हिसावर शिकायला आलं तर, आईवडिलांबरोबर एच-फोरवर आलेल्यांना नाही. मग शांतपणे सांगितलंत, की या राज्यात ५ ते २० वर्षांपर्यंत शाळा मोफत आहे, आणि व्हिसा-पासपोर्टच्या कारणावरून मुलांना शाळेचं दार बंद करता येत नाही, हे इथल्या सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्येच ठरवलंय. शाळेला बघायचं असतं ते मुलाचं वय, राहण्याचा पत्ता आणि लसी. एवढंच.

पत्त्यावरच आमची गाडी अडली. भाडेकरार यांच्या कंपनीच्या नावावर, त्यात आमचं नावच नाही. तो कागद शाळेच्या ऑफिसच्या खिडकीतून परत आला तेव्हा माझे हातपाय गळाले. तुम्ही म्हणालात, एका कागदावर कुणाचं अडत नसतं, जे जे आहे ते सगळं एकत्र बघायचं असा नियम आहे. कंपनीचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट, विजेचं बिल असं सगळं तुमच्या त्या हिरव्या फायलीत क्रमाने लावलंत आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बरोबर आलात. काम झालं.

लसींचं मात्र तुम्ही नसतात तर आमच्या ध्यानीमनीही आलं नसतं. धाकट्याचं कार्ड महापालिकेच्या दवाखान्यातलं. त्यावरच्या तारखा आपल्या पद्धतीने, आधी दिवस मग महिना. इथे ते उलटं वाचतात, म्हणजे ४ जुलैला दिलेली लस ७ एप्रिलची होऊन बसते. तुम्ही चष्मा लावून कोऱ्या कागदावर एकेक लस उतरवलीत, महिन्याचं नाव अक्षरांत. उतरवता उतरवताच तुमच्या लक्षात आलं, की गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यातला आहे आणि इथे पहिल्या वाढदिवसानंतरचाच धरतात. शिवाय आपल्या सरकारी लसींत गालगुंड नाही, कांजिण्या नाहीत. डॉक्टरांची वेळ तुम्हीच घेऊन दिलीत. क्षयरोगाच्या तपासणीला जाताना बजावलंत, "दंडावर बीसीजीचा व्रण आहे, त्वचेची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताची मागा." परदेशातून आलेल्यांना लसीचे कागद आणायला ३० दिवसांची मुदत मिळते, हेही तुमच्याकडूनच कळलं. तोवर मी मुलांचं वर्षच वाया गेलं असं धरून चालले होते.

पण मला सगळ्यांत जास्त ऋणी राहायचंय ते एका ओळीसाठी. घरी कोणती भाषा बोलता, असा प्रश्न अर्जात होता. ओळखीतल्या दोघांनी सांगितलेलं, 'इंग्लिश' लिहा, नाहीतर मुलांना वेगळ्या वर्गात बसवतात. तुम्ही पेन माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "मराठी लिही. खरं आहे ते लिही." मग समजावलंत, की त्यामुळे फक्त इंग्रजीची एक चाचणी होते. मूल पास झालं तर प्रश्नच नाही, आणि मदत लागली तर ती देणं शाळेला भाग आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन १९७४ मध्ये जिंकलेल्या पालकांमुळे आज आपल्या मुलांना ती मिळते, हे तुम्ही किती आपुलकीने सांगत होतात!

मोठी चाचणीत सहज निघाली. धाकट्याला ईएसएल मिळालं, म्हणजे इंग्रजी नवीन असणाऱ्या मुलांसाठीची शाळेतली खास शिकवणी. पहिल्याच आठवड्यात त्या बाईंनी त्याच्या बाकावर चित्रांची एक पट्टी चिकटवली: पाणी, बाथरूम, पोट दुखतंय, समजलं नाही. तो नुसतं बोट ठेवायचा. 'इंग्लिश' लिहून आले असते, तर माझं पोर तिथे दिवसभर तहानलेलं बसलं असतं, असं मला आजही वाटतं. दिवाळीपर्यंत त्याला त्या पट्टीची गरज उरली नाही. आता बसमधून उतरल्या उतरल्या तो तोंड उघडतो ते जेवेपर्यंत मिटत नाही, ते तुम्हाला खाली ऐकू येतच असेल.

समोरच्या घरात पुढच्या महिन्यात कोल्हापूरचं कुटुंब येतंय, दोन मुलं आहेत. या वेळी लसीच्या तारखा मी उतरवीन, खिडकीवरही मीच जाईन. तुमची हिरवी फाईल तेवढी द्या, आणि ईएसएलचं त्यांना तुम्हीच सांगा, ते तुमच्यासारखं मला जमणार नाही.

काकांना नमस्कार.

आपली,
वरच्या मजल्यावरची