कोतातलं पिस्तूल जवानालाही द्या : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. संरक्षणमंत्री साहेब,
स.न.वि.वि.

मी पायदळातला निवृत्त हवालदार. १७ वर्षं नोकरी झाली, त्यातली शेवटची चार कोत, म्हणजे पलटणीचं शस्त्रागार, सांभाळण्यात गेली.

भाचाही जवान आहे, सुट्टीवर आलाय. परवा सीताबर्डीच्या किल्ल्याखाली तर्री-पोहे खाताना म्हणाला, "मामा, पॉइंट ३२ चं पिस्तूल घेतो. लायसन्सचा अर्ज करतो. ऑपरेशनला कमरेला लावता येईल ना?" मी नाही म्हटलं. "तुम्ही कोतवाले, तुम्ही नाहीच म्हणणार," म्हणाला आणि आणखी तर्री मागवली.

साहेब, माझं 'नाही' कायम आहे. कोतात प्रत्येक हत्याराचा नंबर वहीत असतो. फायरिंगनंतर गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यासुद्धा मोजून परत घेतो, एक कमी भरली तर अख्खी कंपनी गवत चाळत बसते. त्यात घरून आणलेलं पिस्तूल कुठे बसवायचं? सैन्याचं पिस्तूल नऊ एमएमचं. त्याची गोळी पॉइंट ३२ मध्ये जात नाही. सोबत नेलेल्या गोळ्या संपल्या की पुढे ते नुसतं लोखंड. शिवाय बाजारात टोकाला उघडं शिसं असलेल्या, अंगात शिरून फुलणाऱ्या गोळ्याही मिळतात. युद्धात त्यांना १८९९ च्या हेग जाहीरनाम्यानेच मनाई केली. (त्या गोळीला 'दमदम' हे नाव कोलकात्याजवळच्या कारखान्यावरून पडलं, हेही आपलंच नशीब.) आणि ज्याच्या घरी ओलिताची शेती तो पिस्तूल घेईल, ज्याच्या बापावर सोसायटीचं कर्ज तो तसाच जाईल. एकाच सेक्शनमध्ये, एकाच छोट्या तुकडीत?

पण भाच्याला भीती कसली वाटते, ते मला ठाऊक आहे. काश्मीरमध्ये एका घराची झडती होती. लाकडी जिना, वर अंधारी खोली. माझ्या हातात इन्सास रायफल, जवळपास मीटरभर लांब. वळताना नळी चौकटीला आपटली. आत काहीतरी हललं, मी ट्रिगर दाबला, आणि रोका पडला, म्हणजे रायफल अडकली. फौरी इलाज, म्हणजे अडकलेली रायफल लगेच चालू करणं, झोपेतही करता येतो, हो. पण त्या दोन-तीन सेकंदांत डावा हात आपोआप कमरेकडे गेला. तिथे पाण्याची बाटली होती. आतून शेळी बाहेर आली म्हणून आज हे पत्र लिहितोय.

अशा वेळी अधिकाऱ्याच्या कमरेला पिस्तूल असतं, जिन्यात सर्वांत पुढे असलेल्या जवानाच्या नसतं. ही वाटणी बदला. ईशापूरच्या सरकारी कारखान्याचं नऊ एमएम पिस्तूल १९३५ च्या ब्राउनिंग पिस्तुलाच्या घडणीचं, जुनं खरं, पण मॅगझिनमध्ये १३ गोळ्या बसतात. तेही चालेल. पुण्याच्या एआरडीई (डीआरडीओची शस्त्रं बनवणारी प्रयोगशाळा) आणि महूच्या इन्फंट्री स्कूलने मिळून 'अस्मि' मशीन पिस्तूल घडवलं, २०२४ मध्ये उत्तर कमांडसाठी ५५० ची ऑर्डर गेली. एवढ्या मोठ्या कमांडला ५५० म्हणजे भाजीत मीठ.

निदान झडतीला आत शिरणाऱ्या पहिल्या दोघांना सरकारी पिस्तूल मिळावं. सोबत वर्षातून एकदाच्या पाच गोळ्या नकोत, नीट सराव हवा. सरावाशिवाय दिलेलं पिस्तूल शेजाऱ्याच्याच पायात जातं.

भाच्याची सुट्टी मंगळवारी संपते. अर्जाचा कागद मी माझ्याकडे ठेवून घेतलाय. मागितला तर काय सांगू, तेवढं कळवा.

आपला,
एक निवृत्त हवालदार
कामठी रोड, नागपूर