यंदा कापणी आणि म्हाळ एकाच आठवड्यात

ठाणे,
२७ जुलै २०२६

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धंच राहिलं. रेंज गेली की बाबांनी फोन ठेवला, ते विचारत नाही. पण फोनवर बाबा "बघू" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. पत्राला निदान उत्तर तरी द्यावं लागतं, म्हणून लिहायला बसले.

लावणी आटोपली हे ऐकून बरं वाटलं. आता कापणीचं बोलू. यंदा अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे सगळेच सण उशिरा. गणपती १४ सप्टेंबरला, सर्वपित्री अमावास्या १० ऑक्टोबरला आणि दसरा थेट २० ला. भाताला मात्र अधिक महिना कळत नाही. मृगावर पेरलेलं हळवं, लवकर पिकणारं भात, ऑक्टोबर लागता लागता कापणीला येणारच. एरवी म्हाळाच्या, म्हणजे पितृपक्षाच्या, दिवसांत भात नुकतं निसवलेलं असतं, दाणा नखाने चिमटला तर दूध येतं. यंदा पितरांची वाडी, म्हणजे त्यांचं पान, ठेवायला बाहेर याल तेव्हा खालचे कुणगे, ते शेताचे लहान तुकडे, पिवळे झालेले असतील.

म्हणून माझं म्हणणं असं की या वर्षी म्हाळ सर्वपित्रीला घाला. आजोबांची तिथी चतुर्थी, ती यंदा आठवड्याच्या मधोमध येते. गणपतीची रजा संपवून आलेल्या माणसाला पंधरा दिवसांत पुन्हा रजा कोण देणार? सर्वपित्री शनिवारी आहे, तोही महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे मला बँकेला सुट्टी. दादाला पुण्याहून शुक्रवारी रात्री निघता येईल. मी तर २ ऑक्टोबरच्या सुट्टीला जोडून आठवडाभर येते. सोमवार ते गुरुवार कापणी, शनिवारी म्हाळ, रविवारी घट बसवायचे. तिथीला जमलं नाही तर अमावास्येला करावं ही सोय पूर्वीपासून आहे, आपण काही नवीन काढत नाही. भटजींनाही आत्ताच सांगून ठेवा, त्या दिवशी त्यांची घराघरांतून ओढाताण असते.

बाबांचा खरा अडसर वेगळा आहे, हे आईने मला हळूच सांगितलं. भात घरात आलं आणि दसऱ्याला नव्या लोंब्यांची जुडी दाराला बांधतात ते नवं अजून बांधलेलं नाही, मग म्हाळाला तांदूळ कुठला? बाबा, तुमचा प्रश्न बरोबर आहे. पण याचं उत्तर आपल्या कणगीतच आहे. म्हाळाचा तांदूळ दरवर्षी जुनाच असतो, यंदाही तोच घ्यायचा. कापलेल्या भाताचे भारे पडवीत रचून ठेवू, झोडायचं ते नंतर. दसऱ्याला नवं बांधून झाल्याशिवाय त्यातला दाणाही चुलीवर चढायचा नाही. पितरांना जुनं, देवाला नवं, क्रम कुठेच मोडत नाही. शिवाय नव्या तांदळाचा भात गिचका होतो, हे आईला कुणी सांगायला नको.

नवं बांधणं मला सगळ्यात जास्त आवडतं. तुम्ही ओटीवर बसायचात, पुढे सुपात भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, वरी, कुरडूची फुलं, झेंडू आणि आंब्याची पानं. केळीचं सोपट पाण्यात भिजवून ठेवलेलं. आंब्याच्या पानावर एकेक काडी ठेवत तुम्ही सोपटाचा असा पीळ द्यायचात की वर्षभर दारावर राहून सगळं वाळलं तरी जुडी सुटायची नाही. पहिली देवाला, मग दार, कणगी, तुळस, विहीर, गोठा, आणि दादाने बाईक घेतल्यावर बाईकलासुद्धा. मी ठाण्याच्या दाराला बांधते ते बाजारातून आणलेलं असतं, दोऱ्याने बांधलेलं. चार महिन्यांत लोंबी खाली. यंदा तुमच्याकडून पीळ शिकून घेणार आहे.

पावसाचं म्हणाल तर हस्त नक्षत्र असणार, सरी येणारच, हे मलाही माहीत आहे. पण थांबून तरी काय मिळतं? २०१९ च्या ऑक्टोबरअखेर 'क्यार' वादळाच्या पावसात आपलं गरवं, उशिरा पिकणारं भात, कसं झोपलं होतं ते आठवा. लोंबीतच कोंब आले होते आणि पेंढाही गुरांनी तोंडात धरला नाही. हळवं हाताशी आलं की ते घरात घ्यावं, दसऱ्याची वाट बघत शेतात उभं ठेवू नये. बाबा, यात एक अट माझी आहे. इळा तुम्ही हातात घ्यायचा नाही. बांधावर खुर्ची टाकून बसा आणि ओरडा हवं तेवढं. गडी मिळत नसले तर वाडीत कापणीचं यंत्र भाड्याने येतं, त्याचे पैसे मी देते. खालच्या अरुंद कुणग्यात यंत्र वळणार नाही, तेवढं मी आणि दादा हाताने कापू. वाकडंतिकडं कापलं म्हणून हसू नका.

आई, तुझ्यासाठी एक वेगळं काम आहे. म्हाळाला बाबा गाऱ्हाणं घालतात तेव्हा आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी नावं येतात आणि शेवटी, "ज्येंची नावां आमका म्हायत नाय, तेंकाय पावांदे म्हाराजा." या शेवटच्या ओळीत जवळजवळ सगळ्या बायकाच आहेत, असं मला हल्ली वाटतं. भटजी पणजीचंही नाव विचारतात, पण आपण सांगतो ते सासरी ठेवलेलं. तिचं माहेरचं नाव काय, माहेरचा गाव कुठला? घाटीखालचे दोन कुणगे तिने डोक्यावरून माती वाहून केले असं तूच सांगतेस. दुपारी वाती वळताना आठवेल तसं एका वहीत लिहून ठेव. आत्याला पण विचार, तिला तुझ्यापेक्षा जास्त माहीत असेल (हे तिला सांगू नको). अविधवा नवमीला कुणाकुणाचं पान वाढायचो तेही लिही. त्या दिवशी आजी एक पान जास्त वाढायची, ते कुणाचं हे मी कधी विचारलंच नाही.

स्वयंपाकाचं ओझं एकटीवर घेऊ नको. वड्यांचं पीठ मी इथून दळून आणते, भरड, धणे-मेथी तुझ्याच मापाने. काळे वाटाणे तिकडचेच लागतात, इकडे मिळतात ते शिजता शिजत नाहीत. लाल भोपळा आणि अळू परड्यात आहेच. खीर मात्र तूच कर. आमच्या सासूबाईंकडे, साताऱ्याला, पितरांचा बेत अगदी निराळा असतो. या वेळी त्यांनाही घेऊन येणार आहे, तेव्हा वडे थोडे जास्तच घालावे लागतील.

गाडीचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे येत्या रविवार-सोमवारपासून. कोकणकन्या पहिल्या पाच मिनिटांत भरते. तेव्हा बाबा, शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवा. "बघू" चालणार नाही. गुडघ्याला तेल लावताय ना? आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी सकाळचीच आहे, रात्रीची नव्हे.

तुमची,
बेबी

ता. क. पडवीतल्या कणगीला तळाशी उंदराने भोक पाडलंय असं दादा म्हणत होता. भात येण्याआधी ती शेणाने सारवून घ्या, नाहीतर मी आल्यावर करते.